दाजी तांडेलांचा न नोंदवलेला विरोध

'सर्वानुमते' हा शब्द मी सरकारी नोकरीत शेकडो वेळा लिहिला असेन. त्यातल्या एका वेळी तो खोटा आहे हे मला लिहितानाच ठाऊक होतं. ज्या माणसाचा विरोध मी त्या शब्दाखाली गाडला, त्याचं नाव दाजी तांडेल.

आमचं बंदर मालवण आणि विजयदुर्गाच्या मधलं. नाव सांगत नाही, कारण त्या मंडळावरच्या लोकांची नातवंडं आजही तिथे नांदताहेत. साठ साल उजाडायला तीन-चार वर्षं होती. मुंबईची आगबोट धक्क्याला लागत नसे, दूर खोल पाण्यात उभी राही. तिच्यापर्यंत माणसं आणि सामान न्यायचं ते पडावातून. पडाव म्हणजे मोठी, पसरट होडी, आणि ती चालवणारा तो तांडेल. पडावांचा ठेका एकाच ठेकेदाराकडे होता, आणि कुठल्या पडावात किती माणसं घालायची, धक्क्यावर काय सोयी हव्यात, याबद्दल खात्याला सल्ला देण्यासाठी सरकारनं सात जणांचं एक सल्लागार मंडळ नेमलं होतं. मी त्या मंडळाचा कारकून. सभेत कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं, मग त्याचं इतिवृत्त तयार करायचं, एवढंच माझं काम.

मंडळ नेमण्याच्या हुकमात एक ओळ होती: होडीवाल्यांचा एक प्रतिनिधी असावा. मंडळाचे अध्यक्ष एक अधिकारी होते, त्यांना सगळे साहेब म्हणत. त्यांनी शिपायाला विचारलं, "इथला सगळ्यात कमी बोलणारा तांडेल कोण?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं. शिपायानं क्षणाचाही विचार न करता दाजींचं नाव सांगितलं.

ते खोटं नव्हतं. दाजींची बायको, जिला सगळा वाडा वयनी म्हणे, ती सांगायची, "लग्नाक तीस वर्सां झाली, पण हेंच्या तोंडातले शबुद मोजलास तर एक टोपलीसुद्धा भरूची नाय." गडी बुटका, काळाकभिन्न, उन्हानं आणि पाण्याच्या चकाकीनं डोळे कायमचे बारीक झालेले. उजव्या अंगठ्याचं एक पेर दोरखंडात अडकून गेलेलं. पण साहेबांच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. दाजी बोलत नसत, कारण त्यांना आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. नेमणुकीच्या पत्रात मात्र 'आपला सल्ला अपेक्षित आहे' असं छापलेलं होतं. दाजींनी ते खरं मानलं.

पहिल्या सभेला ते सगळ्यांच्या आधी आले. बाहेरच्या नळावर पाय धुतले, खांद्यावरच्या पंच्यानं पुसले आणि मगच कचेरीच्या चटईवर पाऊल ठेवलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. साहेबांनी मंडळाचं काम समजावून सांगितलं. कोणाला काही शंका, असं विचारायची रीत असते म्हणून विचारलं. दाजींनी हात वर केला.

"सायबानू, एक इचारूचां आसा. आमी सल्लो देतलंव. तो आयकतलो कोण?"

"खातं."

"आणि खात्यान आयकल्यान, आणि कायतरी इपरीत घडलां, तर जाब कोणाक इचारूचो?"

मंडळावरचे वकील हसले. साहेब म्हणाले, "तांडेल, मंडळ फक्त सल्लागार आहे. निर्णयाची जबाबदारी खात्याची."

"आणि खात्याक इचारलां तर?"

"खातं मंडळाच्या सल्ल्यानं वागतं."

दाजींनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, होडीची फळी तपासावी तसा. म्हणाले, "म्हणजे तुमी थंय बोट दाखवतलास, ते हंय बोट दाखवतले. मदी जो मरतलो, तेणां खंय बगूचां?"

साहेबांनी पुढचा विषय घेतला.

मागच्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम करायचं असा नियम होता. वाचायचं कोणी नाही. कागद फिरे, सगळे सह्या ठोकत. दाजी मात्र कागद हातात धरून ठेवत. शाळा दोन इयत्ता झालेली. अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत ते एकेक शब्द लावायचे. दोन पानांना पुरती वीस मिनिटं लागायची. इतर सहा जण घड्याळं बघत, पंख्याकडे बघत, एकमेकांना डोळे घालत.

एकदा वकील म्हणाले, "तांडेल, आमची जेवणं निवताहेत."

"निवांदेत. माजां नाव हेच्यात आसा."

मला त्यांचा तेव्हा राग यायचा. खरं सांगतो. त्या वीस मिनिटांत मी लिहिलेली प्रत्येक ओळ एका बोटाखालून जात होती, आणि माझ्या लिहिण्याची इतकी किंमत आधी कोणी केली नव्हती हे कळायची अक्कल मला नव्हती.

मंडळावर व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून भाऊशेट होते. नारळ, काथ्या, दोरखंडांचं मोठं दुकान. ठेकेदार त्यांचा व्याही. हे अख्ख्या बंदराला माहीत होतं, फक्त मंडळाच्या कागदांना नव्हतं. पडावांचा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा दाजी अगदी अदबीनं म्हणाले, "भाऊशेटनू, तुमी वायच भायर बसा. विषय तुमच्या व्याह्याचो आसा."

भाऊशेटचा चेहरा लालबुंद झाला. साहेब म्हणाले, "तांडेल, असं कुठल्या नियमात आहे?"

"नेमात नाय?"

"नाही."

"मगे घाला. आमच्या वाड्यात बैठक बसली आणि कोणाच्या घरचो वाद निघालो, तर त्या घरचो माणूस आपणहून उठता. तेका उठ म्हणान सांगूचां लागणा नाय."

भाऊशेट उठले नाहीत. त्यांनी त्या विषयावर सगळ्यात जास्त वेळ भाषण केलं, आणि मी ते 'उपयुक्त सूचना' या मथळ्याखाली लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून भाऊशेटच्या दुकानात दाजींसाठी काथ्या शिल्लक नसे. ढीग समोर दिसत असे, पण शिल्लक नसे. दाजी दोरखंडासाठी मालवणला चालत जाऊ लागले. त्याबद्दल ते कोणाशी एक शब्द बोलले नाहीत.

मग आला तो मोठा विषय. पडावात पस्तीस माणसं घ्यायची परवानगी होती. मे महिन्यात चाकरमान्यांची झुंबड उडते, तेव्हा ती पन्नास करावी असा ठेकेदाराचा अर्ज होता. फेऱ्या कमी, कमाई तीच. अर्जात अर्थातच 'प्रवाशांच्या सोयीसाठी' असं लिहिलं होतं.

दाजी म्हणाले, "हंय बसान कसां कळतलां? पडावात बसान बगूया."

साहेबांना नाही म्हणायला कारण सापडेना. डिसेंबरातली सकाळ होती, समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा. मंडळ पडावात बसलं. दाजींनी धक्क्यावरच्या माणसांना हाका मारून, ट्रंका-टोपल्यांसकट एकेकाला आत घ्यायला सुरुवात केली. तीस झाले, पस्तीस झाले. चाळीसाच्या पुढे गेल्यावर पाणी काठापासून वीतभर राहिलं. एक बाई नुसती एका अंगाला वळली तर पडाव तिच्याबरोबर कलला. वकिलांनी साहेबांचा दंड पकडला. "पुरे, पुरे! कळलं!"

"अजून आठ जाणां येवची आसत," दाजी म्हणाले.

"पुरे म्हणतो ना!"

"आज वारो नाय हां, वकीलसायब. मे म्हयन्याच्या अखेरीक आसता."

सगळे उतरले. धोतरं झटकताना सगळ्यांनी माना हलवल्या, छे छे, पन्नास म्हणजे फारच. मला वाटलं विषय संपला.

पुढच्या महिन्यात ठराव आला. तेच सहा जण, ज्यांच्या तोंडचं पाणी पळताना मी पाहिलं होतं. दाजींनी पडावातल्या सकाळची आठवण करून दिली. साहेब म्हणाले, "तो प्रयोग अधिकृत नव्हता." सहा हात वर झाले. वकिलांचाही.

दाजी उभे राहिले. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. "माजो इरोध आसा. लिवा."

"लिहितील," साहेब म्हणाले.

मी लिहिलंही होतं. संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. "हे काढा. सर्वानुमते लिहा. एक विरोध दिसला की वरून दहा प्रश्न येतात. मंडळ एकमुखी दिसलं पाहिजे." मग थोडं थांबून, "तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे ना?"

मी नवा कागद घेतला. माझं अक्षर चांगलं होतं. त्या दिवशी ते जरा जास्तच चांगलं आलं.

मधे दोन महिने सभाच भरली नाही. एप्रिलच्या सभेत कागद दाजींच्या हाती आला. बोट सरकत सरकत त्या शब्दापाशी थांबलं. त्यांनी तो दोनदा लावला. मग त्यांनी साहेबांकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"सर्वानुमते म्हणजे काय?"

मी म्हणालो, "सगळ्यांच्या मतानं."

"हेच्यात मी आसंय?"

साहेबांनीच उत्तर दिलं, "तांडेल, ही फक्त भाषेची पद्धत आहे. ठराव खात्याकडे गेला, मंजूर होऊन आला. आता बदल होत नाही. तुमचं म्हणणं आजच्या इतिवृत्तात घेऊ."

दाजींनी सही केली नाही. त्यानं काही अडलं नाही, अध्यक्षांची सही पुरत होती. त्यांचं म्हणणं मी पुढच्या इतिवृत्तात घेतलं. साहेबांनी सांगितलेलं वाक्य असं होतं: 'श्री. तांडेल यांनी शब्दरचनेबाबत शंका उपस्थित केली. अध्यक्षांनी तिचे निरसन केले.'

मे महिना सरता सरता चाकरमानी मुंबईला परत निघाले. सकाळची आगबोट. वारा सुटलेला, पाण्यावर पांढरे फेस. गुणो नावाचा तिशीतला तांडेल पडाव चालवत होता. परवानगी पन्नासाची होती, आणि ठेकेदाराच्या माणसानं धक्क्यावरून मोजून पन्नास भरले. त्यात पोरंबाळं धरली नव्हती. गुणो म्हणाला, जड होतंय. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, मंडळानं ठरवलंय, तू कोण?

धक्क्यापासून आगबोटीच्या निम्म्या वाटेवर एक लाट आडवी आली. माणसं भिऊन एका अंगाला सरकली. झालं.

दाजी किनाऱ्यावर होते. दोन गडी घेऊन त्यांनी होडी लोटली. त्यांनी किती फेऱ्या मारल्या मला माहीत नाही. मी कचेरीतून धावत गेलो तेव्हा ते एका बाईला वाळूवर ठेवत होते. तिच्या हातात पत्र्याच्या ट्रंकेची कडी होती, नुसती कडी. दाजींनी ती सोडवायचा प्रयत्न केला, मग तशीच राहू दिली आणि परत होडीकडे गेले. बाकीचे वाचले. नऊ जण गेले.

आठ दिवसांनी मला त्या नऊ घरी पाठवलं. मयताच्या नोंदीच्या कागदांवर घरच्यांच्या सह्या हव्या होत्या. पाऊस लागला होता. पहिल्याच घरी म्हातारा म्हणाला, "काल तुमचो एक माणूस येवन गेलो." मी म्हटलं, आमच्या कचेरीतून कोणी आलेलं नाही. म्हातारा म्हणाला, "मंडळाचो. दाजी तांडेल."

दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी तर दाजींवर मयताच्या भावानं हात टाकला होता. दाजींनी मार खाल्ला आणि निघून गेले. ते नऊच्या नऊ घरी गेले होते, दोन घरं तर घाटाच्या पायथ्याला, दिवसभराच्या वाटेवर.

ट्रंकेच्या कडीवाल्या बाईच्या आईनं मला सगळं सांगितलं. दाजी अंगणात उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, "पन्नास माणसां घेवची म्हणान ज्या मंडळान सांगितल्यान, तेच्यात मी आसंय. तां सांगूक इलंय."

म्हातारीनं विचारलं, "तू होय म्हटलंस?"

"नाय. मी नको म्हटलंय. पण कागदार तसां नाय."

"मगे तू कित्याक इलंस?"

"दुसरो कोण येवचो नाय म्हणान."

म्हातारीनं अंगठा उमटवला आणि कागद माझ्या अंगावर टाकला. ती मला विचारू शकली असती की तू त्या मंडळाचा कोण. तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

श्रावणात चौकशी झाली. बाहेरगावचे अधिकारी आले. खात्याच्या माणसानं सांगितलं, आम्ही मंडळाच्या एकमुखी सल्ल्यानं वागलो. साहेबांनी सांगितलं, मंडळ केवळ सल्लागार आहे, सल्ला मानायचं बंधन खात्यावर नाही. वकिलांनी तेच जास्त चांगल्या मराठीत सांगितलं. भाऊशेट म्हणाले की दोष चालवणाऱ्याचा. गुणो बाहेर भिंतीला टेकून उकिडवा बसला होता.

दाजी उभे राहिले. "सायब, माजां नाव लिवा. मी मंडळाचो. नव माणसां गेली तेचो मी जबाबदार. आता हे सा जाण काय सांगतत तां इचारा."

चौकशी अधिकारी म्हणाले, "पण तुम्ही विरोध केला होता असं तुमचंच म्हणणं आहे. इतिवृत्तात तर सर्वानुमते आहे. कारकुनानं खोटं लिहिलं, असं म्हणायचंय का?"

दाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "तेका सांगितल्यानी तसां तेणां लिवल्यान. लिवक सांगणारो तुमच्या बाजूक खुर्चेर बसलो आसा."

अधिकारी माझ्याकडे वळले. "काय हो, तांडेलांनी विरोध नोंदवायला सांगितला होता का?"

साहेब छताकडे बघत होते. माझ्या नोकरी कायम झाल्याच्या हुकमाला तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही, साहेब."

आज इतक्या वर्षांनी मला ती खोली, टेबलावरची शाईची दौत, बाहेर पन्हाळीतून पडणारं पाणी, सगळं नीट आठवतं. तेव्हाही आठवत होतं.

अहवाल आला. गुणोचा परवाना कायमचा रद्द. मर्यादा पुन्हा पस्तीस. आणि मंडळाची 'पुनर्रचना'. सातातले सहा पुन्हा नेमले गेले. होडीवाल्यांचा प्रतिनिधी म्हणून ठेकेदाराच्या पडावावरचा एक माणूस आला. तो इतिवृत्त न वाचता सही करायचा. सभा वीस मिनिटं लवकर संपू लागल्या. भाऊशेटना उपाध्यक्ष केलं.

दाजींनी गुणोला आपल्या रापणीत घेतलं. किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायचं ते काम, त्याला परवाना लागत नाही. लोक म्हणाले, नऊ माणसं बुडवणाऱ्याला कशाला जवळ करता? दाजी म्हणाले, "तेणां एकट्यान बुडवल्यान नाय," आणि पुन्हा आपल्या गप्पपणात गेले. माझ्याशी ते वैर धरून वागले नाहीत. रस्त्यात भेटले तर मान हलवायचे. ते मला शिवीपेक्षा वाईट वाटे.

माझी बदली सावंतवाडीला झाली. संसार झाला, बढती झाली. सात-आठ वर्षांनी, बापाचं कार्य आटपल्यावर, मी एक दिवस बसून अर्ज लिहिला. त्या सभेत काय झालं, कोणी काय सांगितलं, मी काय लिहिलं आणि चौकशीत काय खोटं बोललो, सगळं. खाली नाव, हुद्दा, सही. इतिवृत्त दुरुस्त व्हावं आणि श्री. तांडेल यांचा विरोध नोंदवला जावा, अशी विनंती. माझ्यावर कारवाई होईल या तयारीनं तो खात्याला पाठवला. पाच महिन्यांनी उत्तर आलं.

ते घेऊन मी बंदरावर गेलो. आगबोट अजून दूरच थांबत होती. किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. दाजी आता ओढत नव्हते. वाळूत बसून दोराची वेटोळी घालत होते. डोळ्यांत फूल पडलं होतं. गुणो दोराच्या पुढच्या टोकाला होता, केस पिकलेला.

मी बसलो, नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी अर्ज वाचून दाखवला. ते ऐकत राहिले, हात दोरावर चालूच.

"माका कित्याक सांगतस? तां थंय सांगूचां होतां."

"होय दाजीनू."

"तेवां गुणो वाचलो असतो."

हातातलं वेटोळं पुरं करून त्यांनी विचारलं, "आणि तेंनी काय लिवल्यानी?"

मी उत्तर वाचलं. सदर मंडळ पुनर्रचित झाल्याने मूळ मंडळ अस्तित्वात नाही. अस्तित्वात नसलेल्या मंडळाच्या इतिवृत्तात दुरुस्ती करण्याची तरतूद नाही. प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

"सही कोणाची आसा?"

मी कागद उन्हात धरला. अधिकाऱ्याचा हुद्दा छापलेला होता. त्याच्यामागे हातानं 'करिता' लिहिलेलं, आणि त्याच्यावर एक वेडीवाकडी रेघ.

"नाव लागत नाही, दाजीनू. दुसऱ्या कोणीतरी त्यांच्याकरिता केलीय."

दाजींनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, त्या रेघेखाली तो पेर नसलेला अंगठा ठेवला आणि कितीतरी वेळ ती लावत बसले. तिकडून गुणोनं हाक मारली. जाळं जवळ आलं होतं, माणसं कमी पडत होती. दाजींनी कागद माझ्या हातात परत दिला, एक हात वाळूत रोवून उठले, आणि फूल पडलेल्या डोळ्यांनी, पायानंच दोराचा अंदाज घेत पाण्याकडे चालत गेले. माणसांनी दोरावर त्यांना जागा करून दिली.